बोला, अकरा

त्यांच्या लेखी मला नाव नव्हतं. मी अकरा होतो. माझी बायकोही अकरा, पुढे मुलगी झाली तीही अकराच. कोथरूडच्या आमच्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एक नंबरात ते राहायचे आणि उरलेल्या पंधरा घरांतल्या झाडून सगळ्या माणसांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि सहा नंबरच्या बोक्यालासुद्धा फ्लॅटच्या नंबरानेच ओळखायचे. जिन्यात समोरासमोर आलो की थांबायचे, मान किंचित डावीकडे कलती करायचे आणि म्हणायचे, “बोला, अकरा.” जणू मीच त्यांना फोन लावलाय आणि त्यांनी नाइलाजाने उचललाय.

टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं ते ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडायचे. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. परगावी बोलायचं असेल तर आधी खात्याकडे नंबर नोंदवायचा आणि मग सगळ्या घराने आंघोळी उरकून फोनभोवती बसायचं. सकाळी नोंदवलेला कॉल संध्याकाळी लागायचा. माझ्या आत्याचं लग्न ठरल्याचा निरोप द्यायला लावलेला कॉल लागला तेव्हा तिचा मोठा मुलगा शाळेत जात होता. बायको म्हणते, हे मी वाढवून सांगतो. एखादा महिना इकडेतिकडे झाला असेल.

तर अशा कॉलच्या मधोमध हा माणूस तेहतीस वर्षं बसला होता. जन्म, मरण, कोर्टाचे निकाल, मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या कानाशेजारून गेलं. त्यातलं काय काय ऐकलंत, असं मी एकदा मोठ्या आशेने विचारलं होतं. आमच्यासारख्या गप्पिष्टाला असा माणूस म्हणजे बंद कपाटच. ते म्हणाले, “काही नाही. लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. एवढंच शिकवलं होतं. पगार जोडण्याचा होता, ऐकण्याचा नव्हता.”

पुढे घरोघरी एसटीडी आलं, चौकाचौकात पिवळे बूथ आले, मग खिशात फोन आले आणि ऑपरेटर नावाची जमातच संपली. ते निवृत्त झाले. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं पाच नंबरच्या आजींनी एकदा विचारलं तर म्हणाले, “लाइन एंगेज होती.” आजी त्यावर महिनाभर विचार करत होत्या.

रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. खात्यातून भंगारात निघालेली काळी जड उपकरणं आणून आमच्या इमारतीला इंटरकॉम बसवून दिला. त्याचा रिसीव्हर एवढा जड होता की शेजारणीशी भांडायचं तर बायका तो दोन्ही हातांनी धरायच्या. आणि दुसरं म्हणजे, इमारतीतला पहिला कॉम्प्युटर आणि पहिलं इंटरनेट घेतलं.

तेव्हा नेटवरून वस्तू मागवता येतात ही बातमी नुकतीच पेपरातून घरात शिरत होती, आणि घरं तिला दाराच्या साखळीआडून बघत होती. कार्डाचा नंबर नेटवर टाकायचा म्हणजे घराची किल्ली स्वारगेटच्या स्टँडवर ठेवून येणं, असं सगळ्यांचं मत. माझं तर सगळ्यात ठाम. मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होतो. परदेशातल्या एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवरचं ‘खरेदी करा’ हे बटण आमच्याच टीमने बनवलं होतं. ते कसं बनवलं हे मला माहीत होतं, त्यामुळे माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

सुरुवात पाच नंबरच्या आजींपासून झाली. त्यांना गुडघ्याचा पट्टा हवा होता आणि दुकानात चारचौघांत गुडघ्याचं माप द्यायची लाज वाटत होती. एक नंबरवाल्यांनी तो नेटवरून मागवून दिला. खोक्याला वर्तमानपत्र गुंडाळलं, सुतळी बांधली, आणि आजींच्या हातात ठेवलं. कोणाला कळलं नाही. अर्थात पुढच्या चार दिवसांत आजींनीच सगळ्यांना सांगितलं, पण तो त्यांचा प्रश्न.

त्यानंतर सगळी सोसायटी त्यांच्या खात्यावरून मागवायला लागली. रविवारी दहा ते साडेअकरा. दारावर पाटी: ‘चिठ्ठी घडी घालून द्यावी. पैसे पाकिटात. वस्तू कशाला हवी ते सांगू नये.’ रांग लागायची. पौड रस्त्यापर्यंत जायची असं मी बाहेर सांगतो, पण फाटकापर्यंत तर खरंच जायची. आत ते ताठ बसलेले, चष्मा दोरीने गळ्यात, स्वच्छ कापलेली नखं. चिठ्ठी उलगडायची, वाचायची, आणि विचारलाच तर दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. “रंग?” किंवा “माप?” मग टकटक टकटक, शेवटचं बटण दाबलं की बोट असं उचलायचे जणू गरम प्लग काढला, आणि म्हणायचे, “लागला.”

चिठ्ठीचे तिथल्या तिथे आठ तुकडे व्हायचे.

कोणाकडे काय येतं हे जाणून घ्यायची हौस आमच्या इमारतीत कमी नव्हती. चौदा नंबरच्या बाईंनी एकदा सहजपणाचा आव आणून विचारलं, “काय हो, नऊ नंबरकडे काल केवढं मोठं खोकं आलं?” ते मान कलती करून म्हणाले, “राँग नंबर.” आणि दार लावून घेतलं. सात नंबरच्या नव्या सुनेने दिवस गेलेत का हे बघायची पट्टी मागवली, तर ती पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून, सासूच्याच हाती वर पाठवली. सासू विणकामाच्या सुया समजून ते पुडकं देवघरात ठेवून मोकळी. हे आम्हाला कळलं ते बारशाला त्या सुनेनेच सांगितलं म्हणून. ते मेले असते तरी बोलले नसते.

एवढ्या सगळ्यांची खरेदी एका माणसाच्या खात्यावर पडल्यावर त्या कंपनीच्या कॉम्प्युटरची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. एकदा मला जवळ बोलावून त्यांनी स्क्रीन दाखवली. वर त्यांचं नाव, आणि खाली ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून बाळाचे लंगोट, केस काळे करायचा कलप, क्रिकेटचे पॅड, नववीची गाइडं, कवळी साफ करायच्या गोळ्या, मेंदीचे कोन.

“यांच्या मते,” ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “मी एक टक्कल पडत चाललेली बाळंतीण आहे. गुडघे दुखतात तरी ओपनिंगला जाते.”

मी एवढा हसलो की सहा नंबरचा बोका पळाला. ते हसले नाहीत. स्क्रीनकडे बघतच म्हणाले, “बाळाला पुढच्या महिन्यात मोठं माप लागेल म्हणतायत. सातला आठवण करतो.” त्या आवाजात मला काहीतरी वेगळं जाणवलं होतं. पण तेव्हा मी हसण्यात होतो. मी बहुतेक वेळा हसण्यातच असतो.

स्वतःसाठी मात्र त्यांनी त्या खात्यावरून कधी काडी मागवली नाही. किटली घेऊन दूध आणायला जायचे, साबण एक संपल्यावर एक आणायचे. का, तर म्हणाले, “ऑपरेटरने स्वतःचा कॉल लावायचा नसतो.”

आता माझ्याकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्या वर्षी आमचा प्रोजेक्ट परदेशातल्या गिऱ्हाइकाने काढून घेतला आणि कंपनीने एका शुक्रवारी आमची अख्खी टीम घरी पाठवली. मी घरी सांगितलं नाही. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी बायकोने डबा भरून हातात दिला, आणि मी तो घेऊन निघालो. एकदा निघालो तो तीन महिने निघतच राहिलो. पहिला आठवडा सवयीने पार खराडीपर्यंत जाऊन कंपनीच्या फाटकाला बघून परत यायचो. मग पेट्रोल परवडेना म्हणून नदीपलीकडच्या एका बागेतला बाक धरला. अर्ज पाठवायचे, मुलाखती द्यायच्या, बारा वाजता डबा खायचा, नळावर धुवायचा, सहा वाजता दमलेला चेहरा करून घरी. आणि घरी गेलो की माझ्या साहेबाच्या गोष्टी. नसलेल्या साहेबाच्या इतक्या सुरस गोष्टी मी असलेल्या साहेबाच्याही कधी सांगितल्या नव्हत्या.

खोटं टिकवायचं तर घरातला खर्च एक पैशाने कमी करून चालत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. तूप तेच, बासमती तोच, शनिवारचं हॉटेल तेच. एखादी वस्तू स्वस्तातली आणली की बायको बघणार. आणि बोनसचा महिना जवळ आला. वर्षभर मी छाती पुढे काढून सांगत होतो की बोनस झाला की कपडे धुवायचं मशीन घेऊ, समोरून दार उघडणारं, साडूकडे आहे त्याहून मोठं. बोनस नव्हता, कंपनी नव्हती, पण मशीन आलं नाही तर सगळंच उघडं पडणार होतं. बँकेत उरलंसुरलं जे होतं ते काढलं, पाकिटात घातलं, चिठ्ठी लिहिली आणि रविवारी रांगेत उभा राहिलो.

त्यांनी चिठ्ठी वाचली. रंग विचारला नाही, माप विचारलं नाही. पाकीट परत दिलं.

“स्टॉक नाही.”

पुढच्या रविवारीही स्टॉक नाही. तिसऱ्या रविवारी बायको स्वतः खाली आली. “अहो काका, बारा नंबरकडे तर परवाच आलं. हेच मॉडेल.”

“ते शेवटचं होतं.”

“मग दुसऱ्या कंपनीचं बघा की.”

“तेही नाही.”

वर येऊन ती धुसफुसत होती. “आपलं बरं बघवत नाही त्यांना. एकटी माणसं अशीच होतात. मी चकल्या देणार होते दिवाळीच्या, आता मुळीच नाही देणार.” मीही जोरजोरात तिची री ओढली. म्हाताऱ्याला बोलून घ्यायला मला तेव्हा बरंच वाटलं.

चौथ्या रविवारी मी सगळ्यात शेवटी गेलो, भांडायच्या तयारीने. रांग संपली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार आतून लावलं.

“बसा, अकरा.”

त्या घरात बसायला सांगितलेला मी पहिलाच असेन. बसलो.

“तेहतीस वर्षं मी कान काढून घेतला,” ते म्हणाले. “आज नियम मोडतोय. राग आला तर येऊ दे. नोकरी कधी गेली?”

मी म्हणालो, “कोणाची?” आणि हसलो. फार मोठ्याने हसलो.

“ट्रंक लाइनवर,” ते म्हणाले, “‘इकडे सगळं मजेत’ असं सांगणारे लोक सगळ्यांत मोठ्याने बोलायचे. वायर थरथरायची. कान काढून घेतला तरी ऐकू यायचं. तुम्ही मुळात मोठ्याने बोलणारे, अकरा. पण गेले तीन महिने तुम्ही जिन्यात ओरडताय.”

“काहीतरीच तुमचं.”

“जूनमध्ये तुम्ही माझ्याकडून काय मागवलंत?”

मला आठवेना. रोज नवं खोटं सांगणाऱ्याला जुनी खरी गोष्ट कुठे आठवते.

“थर्मास. लहान, एक माणसाचा. आणि कॉफीची बाटली,” ते म्हणाले. “तुमच्या ऑफिसात भिंतीतल्या यंत्रातून कॉफी येते, हवी तेवढी, फुकट. असं तुम्हीच दोन वर्षं सांगताय. भिंतीतून धबधबा येतो म्हणाला होतात. मग त्या माणसाला थर्मास कशाला लागला?”

तो थर्मास मी दुकानातून घेतला नव्हता, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. ज्या एका माणसाकडून मागवला तो वाचू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो कान काढून घेतो म्हणजे त्याला कान नाहीत, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“मशीनचा कॉल मी जोडणार नाही,” ते म्हणाले. “दुसरा एक जोडतो.”

उठले. भिंतीवरच्या त्या काळ्या इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला, दोनदा एकाचं बटण दाबलं. पलीकडे घंटी वाजताना मला ऐकू येत होती. बायकोचा ‘हॅलो’ आला. “अकरा? एक मिनिट धरा, बोलणं करा,” असं खात्याच्या आवाजात म्हणून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मागचं दार उघडून अंगणात गेले. काचेतून दिसत होते. पाठ माझ्याकडे, एक हात कानावर.

आयुष्यात मी एवढं कमी कधीच बोललो नाही. एका वाक्यात सांगून झालं.

मग ती म्हणाली, “डबा.”

“काय डबा?”

“तीन महिने धुतलेला डबा घरी येतोय. नोकरीवर असताना एकदा तरी धुवून आणला होतास का? मी रोज वाट बघत होते, आज सांगशील. मशीनसाठी खाली भांडायला गेले, म्हटलं आता तरी अडवशील. मशीन कोणासाठी घेत होतास, माझ्यासाठी की माझ्या तोंडावर टाकायला? वर ये. आमटी गार होतेय. आणि यापुढे माझ्यापासून काही लपवलंस तर बघ.”

मी खाली, ती वर, मध्ये दोन मजले. दोघंही जड रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून होतो.

त्या दिवाळीला सगळ्यांत मोठा चकल्यांचा डबा एक नंबरात गेला. ते वर्ष आम्ही काढलं. तूप बदललं, तांदूळ बदलला, शनिवारचं हॉटेल गेलं, कपडे हातांनी धुतले, आणि गंमत म्हणजे जेवताना मी खोट्या साहेबाच्या गोष्टी सांगायचं थांबवलं तरी जेवणं रंगायची. पुढे हडपसरला लहानशा कंपनीत काम मिळालं. भिंतीतून कॉफी येत नव्हती. थर्मास होता.

मग सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले, पैसेही फोनमधूनच जायला लागले, आणि रविवारची रांग फाटकापासून दारापर्यंत आणि दारापासून शून्यापर्यंत आली. कोणी ठरवून तोडलं नाही. एकेक नंबर आपोआप सुटा झाला. आता बायकोने फोडणीला तेल टाकलं आणि मोहरी नाही असं लक्षात आलं, तर मोहरी तडतडायच्या वेळेला दारात हजर असते. माझ्या घरात बटाट्याची सोलाणी पाच आहेत. चालायचं एक यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. शेजारी काय आलं हे आता कोणालाच कळत नाही, विचारायची हौसही उरली नाही. फोनमधला हा नवा ऑपरेटर पापणी लवायच्या आत कॉल जोडतो, पण कान काही काढून घेत नाही. तो सतत ऐकत बसलेला असतो. माझं सगळं त्याला ठाऊक आहे. तरी आजवर एकदाही तो मला म्हणालेला नाही की स्टॉक नाही, बसा, अकरा.

मी मात्र रविवारी त्यांच्याकडे जात राहिलो. ते ताठ बसलेले, दहा ते साडेअकरा, कोणी येवो न येवो. त्यांचं खातं अजून सात नंबरच्या बाळाला मापं सुचवत होतं. बाळाला मिसरूड फुटलं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही त्यांना स्क्रीनवरची अक्षरं स्थिर दिसत नव्हती. मी निघालो तसे म्हणाले, “अकरा, तुमच्या फोनवरून एक जोडायचं होतं.”

खिशातून चिठ्ठी काढली. चार घड्या घातलेली. ऑपरेटर स्वतःचा कॉल लावत होता. ती माझ्या हातात देऊन ते खिडकीबाहेर बघायला लागले. कान लाल झाले होते.

मी चिठ्ठी वाचली.

माझ्या तोंडाला कडी नाही, हे सगळ्या कोथरूडला माहीत आहे. आत्ताच या चार पानांत मी माझी, बायकोची, पाच नंबरच्या आजींची, सगळ्यांची अब्रू वेशीला टांगली. पण त्या चिठ्ठीत काय होतं ते मी सांगणार नाही. मी फक्त विचारलं, “माप?”

“मध्यम.”

बटण दाबलं. बोट उचललं. “लागला,” म्हणालो, आणि चिठ्ठीचे आठ तुकडे केले. त्यांनी मान डावीकडे कलती केली. एवढंच.

तेव्हापासून दर महिन्याला ते खोकं आमच्या घरी येतं आणि मी ते घेऊन खाली जातो. माझ्या फोनच्या मते आता माझं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि माझी अवस्था नाजूक आहे. तो मला काय काय सुचवतो, विचारू नका. परवा फोन टेबलावर उघडा होता आणि बायकोने ते पाहिलं.

“अरे, हे काय दाखवतंय तुझ्या फोनवर?” तिने आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुला काही होतंय का? माझ्यापासून लपवतोयस?”

इंटरकॉमवरचं तिचं वाक्य मी विसरलेलो नाही. तीही विसरलेली नाही. माझ्यासमोर खोकं होतं आणि हातात कालचं वर्तमानपत्र.

“राँग नंबर,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खोक्याकडे, वर्तमानपत्राकडे. स्वयंपाकघरात गेली, खण उघडल्याचा आवाज आला, आणि परत येऊन तिने सुतळीचं रीळ माझ्याकडे सरकवलं.